तार दिसू द्या

सर्कशीच्या तंबूत वर मान करून बसलेल्या प्रेक्षकाला काही पटवून द्यावं लागत नाही. झोक्यावरचा माणूस आत्ता सुटला, आत्ता झेलला गेला, आणि चुकला असता तर आत्ताच जाळीत पडला असता. चित्रपटगृहात किंवा मोबाइलवर तीच कसरत बघताना ही खात्री आपोआप मिळत नाही, ती कॅमेऱ्याला कमवावी लागते. गेल्या काही वर्षांतले सर्कशीवरचे चित्रपट, टीव्हीवरच्या कसरतींच्या स्पर्धा आणि ओटीटीवरचे ‘भव्य’ प्रयोग पाहिले, तर बहुतेकांनी या कमाईवर पाणीच सोडलेलं दिसतं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. कसरत पडद्यावर आणायची तर ती एकदा तरी सलग, अख्ख्या अंगासकट आणि अख्ख्या सामानासकट दाखवली पाहिजे. जाळी असेल तर जाळी दिसली पाहिजे, कमरेला सुरक्षेची तार असेल तर तारही दिसली पाहिजे. आणि ती संगणकावर पुसायचीच असेल, तर पुसली आहे हे तिकीट काढणाऱ्याला सांगितलं पाहिजे.

उडत्या झोक्याचा खेळ घ्या. एका टोकाला उंच फळी, तिच्यावर उडणारा, म्हणजे फ्लायर. दुसऱ्या टोकाला गुडघ्यांत दांडी धरून उलटा लटकलेला कॅचर, त्याचे पाय झोक्याच्या दोरांना वेढलेले. दोर चार-पाच मीटर लांब धरला तर एक पूर्ण झोका जाऊन परत यायला चार-साडेचार सेकंद लागतात. लंबकाचाच नियम, तो कलाकाराच्या मर्जीने बदलत नाही. म्हणून आधी कॅचर झुलू लागतो, ठेका जमल्यावर ‘हप्’ अशी हाक येते आणि मग फ्लायर फळी सोडतो. ती हाक अर्धा सेकंद उशिरा आली की दोन झोके एकमेकांना भेटतच नाहीत. मग फ्लायरने कितीही सुंदर कोलांटी मारली तरी समोर रिकामी हवा असते.

पकड मनगटाला मनगटाची असते. पंजात पंजा घालून घामट हात टिकत नाहीत. मनगट धरलं तर पकड सरकली तरी पंजाच्या रुंद भागाशी येऊन थांबायला थोडी जागा उरते. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड असते ती याच घामासाठी. भारही लक्षात घ्या: दोर जवळजवळ आडवा असताना झोका सुटला, तर तळाशी अंगावर वजनाच्या तिपटीपर्यंत ताण येतो. ६० किलोचा माणूस त्या क्षणी १८० किलोचा होतो आणि तो सगळा भार दहा बोटांवर असतो. खाली जाळी असली तरी ती गादी नव्हे. तिच्यावर पाठीवरच पडायचं असतं. पायांवर पडलं तर घोटा किंवा गुडघा जातो, पोटावर पडलं तर कंबर उलटी वाकते. शिवाय पहिल्या आदळीनंतर जाळी माणसाला परत वर फेकते, म्हणून तिची दोन्ही टोकं चढती बांधलेली असतात, नाहीतर दुसऱ्या उसळीत माणूस बाहेर.

एवढं लांबण लावण्याचं कारण असं की या खेळातला सगळा अर्थ दोन झोक्यांच्या एकाच वेळी एका जागी येण्यात आहे. आता पडद्यावर काय दिसतं ते आठवा. फ्लायर सुटला, कट. प्रेक्षकांतल्या मुलीचा आ वासलेला चेहरा, कट. मनगटावर आवळलेलं मनगट, कट. टाळ्या. यातलं दोन झोक्यांचं भेटणं कुठेच नाही. मनगटांचा तो जवळचा शॉट तर जमिनीपासून दोन मीटरवर बांधलेल्या चौकटीला लटकूनही घेता येतो, आणि घेतातही. टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये हाच रोग आणखी वाढलाय. मल्लखांबावरचा पोरगा दोरावरून सुटतो नेमक्या त्या क्षणी दिग्दर्शक परीक्षकांचे विस्फारलेले डोळे दाखवतो. परीक्षकांना काय वाटलं ते कळतं, पोराने काय केलं ते कळत नाही.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने फार पूर्वी हे मांडून ठेवलंय: एखाद्या प्रसंगाचा जीवच दोन गोष्टी एका चौकटीत असण्यात असेल, तर तिथे कात्री चालवायला मनाई आहे. त्याने दिलेलं एक उदाहरण सर्कशीचंच होतं, सिंहाच्या पिंजऱ्यात सापडलेला चॅप्लिन.

यावर छायाचित्रकारांचं ठरलेलं उत्तर असतं: सलग शॉट दुरून घ्यावा लागतो आणि दुरून सगळं मुंगीएवढं दिसतं. यात तथ्य आहे, पण ते हिशोबाने सुटतं. फळीपासून कॅचरच्या मागच्या दोरापर्यंत सोळा मीटर रुंदी चौकटीत घ्यायची असेल आणि कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, २५ मिलिमीटर रुंद असेल, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सला साधारण साडेबावीस मीटर मागे जावं लागतं, २४ मिलिमीटरच्या लेन्सला पंधरा-साडेपंधरा मीटर. सर्कशीचं रिंगण परंपरेने ४२ फुटांचं, म्हणजे तेरा मीटरच्या आसपास असतं. त्यामुळे हा कॅमेरा खुर्च्यांच्या मागच्या रांगांत जातो आणि तिथे तंबूचा खांब आडवा येतो. मग तो कुठे ठेवायचा? उडण्याच्या रेषेला काटकोनात, फळी आणि जाळी यांच्या मधल्या उंचीवर बांधलेल्या मचाणावर. जमिनीवर ठेवून वर रोखला तर उंची भयानक दिसते, पण फ्लायरचे तळवे आणि कॅचरचं डोकं एवढंच हाती लागतं. लांब पल्ल्याच्या लेन्सने टोकाकडून घेतला तर दोघांमधलं अंतर चपटं होतं, सहा मीटरची झेप सहा फुटांची वाटते. कलाकाराचा याहून मोठा अपमान कोणता?

अंग अख्खं दिसलं तरी ते पुसट होऊ नये, हा पुढचा मुद्दा. झोक्याच्या तळाशी वेग सेकंदाला आठ मीटरच्या घरात जातो. सेकंदाला २४ चौकटींच्या, म्हणजे फ्रेम्सच्या, नेहमीच्या चित्रीकरणात शटर १/४८ सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात माणूस १६-१७ सेंटिमीटर सरकलेला असतो आणि हाताची बोटं नाहीशी होतात. शटर फारच आखूड केलं तर हालचाल झटके खात चालते, शिवाय आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी दिवे लुकलुकायला लागतात. चौकटींचा वेग टिपताना आणि दाखवतानाही दुप्पट केला की पुसटपणा निम्म्यावर येतो, आणि हालचालीच्या ठेक्याला धक्का लागत नाही. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही ही सोय आहे.

स्लो मोशनबद्दल मात्र आम्हाला अजिबात दयामाया नाही. सेकंदाला १२० चौकटी घेऊन २४ ने दाखवल्या की वेळ पाचपट ताणला जातो आणि गुरुत्वाकर्षण पंचविसाव्या हिश्शावर आल्यासारखं दिसतं. चंद्रावरसुद्धा ते सहाव्या हिश्शाएवढं असतं! पिसासारखा तरंगणारा माणूस झेलण्यात कॅचरचं कौतुक ते काय? कोलांटी कशी उलगडते हे समजून घ्यायला संथ चित्रण उत्तमच, पण आधी खऱ्या वेगात एकदा दाखवा, मग हवं तेवढं ताणा. १० जुलै १९८२ ला अमेरिकेत टुसान इथे मिगेल वाझकेझने प्रयोगात पहिल्यांदा चार कोलांट्या घेऊन भावाच्या हातात मनगटं दिली. त्या आधी अनेक दशकं तीन कोलांट्या ही या खेळाची सीमा समजली जायची. तीन आणि चार यांतला फरक डोळ्यांनी मोजायचा, तर मध्ये एकही काप चालणार नाही.

आवाजाचंही तसंच. दोराचा फटकारा, दांडी सुटल्यावरचा तिचा खडखडाट, ती ‘हप्’ची हाक, जाळीचा दणका, हे सगळं मारूनमुटकून वाद्यवृंदाखाली गाडलेलं असतं. फळीच्या बुडाशी आणि कॅचरच्या वरच्या आडव्या नळीला एकेक छोटा माइक लावला तरी अर्धा तंबू पडद्यावर येतो.

चित्रपटाने सर्कशीला काहीच दिलं नाही, असं म्हणणं मात्र खोटेपणाचं होईल. १९२५ च्या ‘व्हरायटे’ या जर्मन मूकपटात छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा झोक्यावर चढवला. प्रेक्षागृह उलटंपालटं होताना फ्लायरला काय दिसत असेल, ते खालच्या कुठल्याही खुर्चीतून कळणं शक्य नव्हतं. त्या चित्रपटातल्या खऱ्या उड्या कोडोना या झोकेपटू घराण्यातल्या मंडळींच्या होत्या. १९५६ च्या ‘ट्रॅपीझ’चं चित्रीकरण पॅरिसच्या सर्क द’इव्हेरमध्ये झालं. याच इमारतीत, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, १२ नोव्हेंबर १८५९ ला ज्यूल लेओतारने पहिल्यांदा उडत्या झोक्याचा खेळ केला. तोही खाली जाळी नसताना, गाद्यांवर. नायक बर्ट लँकेस्टर चित्रपटांत येण्याआधी सर्कशीत कसरतपटू होता, त्यामुळे त्याचा चेहरा आणि त्याची कसरत एकाच चौकटीत मावली. अवघड उड्यांना तिथेही बदली कलाकार होते, पण ज्याला झोका कळतो तो माणूस स्वतःच्या खांद्यांवरूनच ओळखू येतो. खांदे कानांपाशी चढलेले दिसले की समजावं, हा माणूस नुसता लटकलाय.

आपल्याकडे ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मध्ये झोक्यावरची रशियन नायिका साकारणारी क्सेनिया र्‍याबिंकिना ही प्रत्यक्षात बोल्शोई थिएटरची बॅले नर्तकी होती. चित्रपटासाठी सोव्हिएत सर्कशीचे कलाकार आले होते, जेमिनी सर्कसही होती. कथापट म्हणून यात काही वावगं नाही. वावगं एवढंच की पन्नास वर्षांनी नायिकेचं नाव सगळ्यांना पाठ असतं, आणि तिच्यासाठी हवेत गेलेल्या बाईचं नाव कुणालाच सांगता येत नाही. २०१३ च्या ‘धूम ३’ मध्ये कथेतल्या सर्कशीचं नाव होतं ‘द ग्रेट इंडियन सर्कस’. सांगली-कुरुंदवाडकडच्या कुणालाही ते वाचून हसू येईल. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास उभारलेल्या पहिल्या देशी सर्कशीचं तेच नाव. चित्रपटात ती सर्कस थेट शिकागोत.

आता तारेकडे. हवेतल्या कसरतींना सुरक्षेची तार लावणं यात कमीपणा काही नाही, लावलीच पाहिजे. माणूस उचलणाऱ्या तारेची क्षमता साधारणपणे प्रत्यक्ष भाराच्या दहापट धरतात, कारण ताण स्थिर नसतो, हिसक्यांनी येतो. तार बहुधा नुसत्या वजनाने तुटत नाही. ती कप्पीच्या लहान खाचेवरून पुन्हा पुन्हा वाकून आतल्या आत झिजते, किंवा तिरक्या ओढीने खाचेतून निसटते आणि कडेवर घासते. लास व्हेगासमध्ये सर्क द्यू सोलेय या सर्कस कंपनीच्या ‘का’ या प्रयोगात २९ जून २०१३ ला नेमकं हेच झालं. उभ्या भिंतीवरच्या लढाईच्या प्रसंगात वेगाने वर खेचल्या जाणाऱ्या कलावतीची तार कप्पीतून सुटली, धारदार कडेवर घासून तुटली आणि ती कलावती नव्वद फुटांहून अधिक उंचीवरून पडून मरण पावली. जेमतेम सहा महिने आधी याच कंपनीच्या लास व्हेगासमधल्या सात प्रयोगांतले तुकडे जोडून केलेला ‘वर्ल्ड्स अवे’ हा थ्रीडी चित्रपट प्रदर्शित झाला होता. त्यात पाणी आणि खोली फार देखणी उतरली आहे. पण एका प्रेमकथेच्या दोऱ्यात ओवण्यासाठी प्रत्येक खेळाची सुरुवात आणि शेवट छाटले गेले. कलाकार चढतो कसा, हूक कोण लावतो, कोण तपासतो, हे सगळं कथेच्या आड आलं. प्रेक्षकाला स्वप्न दिसतं, कप्पी दिसत नाही. आणि जीव तर कप्पीवर होता.

तार पुसण्याची क्रिया सोपी असते. त्याच जागी, त्याच प्रकाशात कलाकाराशिवाय एक रिकामं चित्रण करून ठेवायचं; नंतर प्रत्येक चौकटीत तारेच्या जागी त्या रिकाम्या चित्राचा तुकडा चिकटवायचा. तार चेहऱ्यासमोरून किंवा फडफडत्या कपड्यावरून गेली की हाताने रंगवावं लागतं, तिथे दिवस जातात. या तंत्राच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. संगणकाने पुसण्याची सोय नव्हती तेव्हा कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तार बारीक घेत आणि रंगवत. पुसता येऊ लागली तशी जाड, भरवशाची तार वापरणं परवडू लागलं. म्हणजे पुसण्यामुळे काही हाडं वाचली आहेत. कथापटात, जिथे नायक पुलावरून उडी मारतो, तिथे तार खुशाल पुसा. पण जिथे पोस्टरवरच ‘सर्कस’ लिहिलंय, जिथे माणसाचं कौशल्य हाच विकाऊ माल आहे, तिथे तार पुसणं म्हणजे मापात खोट. तारेच्या आधाराने केलेली तिहेरी कोलांटी आणि तारेविना केलेली कोलांटी हे दोन वेगळे पराक्रम आहेत. दोन्हींना टाळ्या मिळाव्यात, पण कुठल्याला देतोय ते टाळ्या देणाऱ्याला ठाऊक असावं. तार पुसण्याचा दुसरा दुष्परिणाम तंबूत दिसतो. पडद्यावर ‘आधाराविना’ उडणारी माणसं पाहून आलेल्या प्रेक्षकाला खऱ्या सर्कशीतली कमरेची दोरी भेकडपणाची वाटू लागते. मालकालाही मग दोरी काढून ‘थरार’ वाढवावासा वाटतो.

आपल्या देशात पडद्यावर सूचना टाकायची सवय नवीन नाही. चित्रपटात घोडा किंवा बैल असेल तर प्राणिकल्याण मंडळाचा कागद लागतो. वाघ संगणकावर बनवलेला असेल तर कोपऱ्यात ‘सीजीआय’ अशी अक्षरं झळकतात. कुणी विडी शिलगावली की आरोग्याचा इशारा येतो. उंचावरून उडणाऱ्या माणसासाठी मात्र एक ओळही नाही! वाघ-सिंह-अस्वलं-माकडं यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लहान मुलंही रिंगणाबाहेर गेली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. त्यानंतर सर्कशीत उरलं ते प्रौढ माणसाचं कसलेलं शरीर, आणि पडद्यावर त्याच शरीराबद्दल सगळ्यात कमी खरं सांगितलं जातं. सुरुवातीला चार ओळींची पाटी पुरे: जाळी होती की नाही, तार होती की नाही, पुसली का, आणि कसरत सलग आहे की जोडलेली.

पाटीपेक्षाही निकड आहे ती चित्रीकरणाच्या जागच्या शिस्तीची. चित्रपटाच्या संचावर दहा-दहा टेक होतात. तिहेरी कोलांटी दिवसात मोजक्या वेळाच मारायची असते. तळहाताची साल निघाली की पुढची पकड आपोआप सैल पडते, आणि खांदा दुखू लागला की माणूस नकळत दांडी लवकर सोडतो. टेक किती हे कॅचरने ठरवावं, निर्मात्याच्या वेळापत्रकाने नव्हे. झोका सुटल्यावर ‘कट’ ओरडायचं नाही. आवाजाने मान वळली की ठेका गेला. ‘ॲक्शन’ही दिग्दर्शकाने म्हणू नये. दिव्यांचंही बघावं लागतं: चित्रीकरणाचा जोरदार दिवा समोरून डोळ्यांत मारला तर कोलांटीतून बाहेर येताना फ्लायरला कॅचरचे हात दिसत नाहीत, आणि तंबूच्या छताशी साचणाऱ्या उष्णतेत पांढऱ्या पुडीचा चिखल होतो. दिवे बाजूने आणि मागून, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं तर निम्मे वाद मिटतात.

हे सगळं फार खर्चिक आहे का? २०२० च्या टाळेबंदीत तंबू बंद पडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या रॅम्बो सर्कसने आपला खेळ चित्रित करून सप्टेंबरमध्ये तिकीट लावून ऑनलाइन दाखवला. पोटासाठी केलेला तो प्रयोग होता. पण सर्कशीने स्वतःच्या हाताने पडद्यावर यावं आणि मधल्या कथेचा दलाल टाळावा, ही वाट त्याने दाखवली. अशा चित्रणात एक जास्तीचा कॅमेरा मचाणावर पक्का बांधून खेळाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू सोडला, तर खर्च एका दिवसाच्या भाड्याचा आणि एका मेमरी कार्डाचा. ओटीटीवर क्रिकेटचा सामना वेगवेगळ्या कोनांतून बघायची सोय देता येते, तर या कॅमेऱ्याचं अखंड चित्रण दुसरा पर्याय म्हणून द्यायला हरकत कसली? ज्याला परीक्षकांचे चेहरे बघायचेत तो ते बघेल. त्याची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे गेली, तर वीस वर्षांनी एखाद्या मुलीला दुहेरी कोलांटीत गुडघे कधी उघडायचे हे शिकता येईल. चेहऱ्यांच्या तुकड्यांतून ते शिकता येत नाही.

नावांचा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि तरीही सुटलेला नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंट रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला तो २०२५ मध्ये, आणि तो मिळणार २०२७ च्या चित्रपटांपासून. म्हणजे झोक्यावर कॅमेरा चढल्यावर शंभरएक वर्षांनी. आपल्याकडे श्रेयनामावलीत केशभूषाकाराच्या मदतनिसाचं नाव असतं, ते असावंच. त्याच्याच शेजारी फ्लायरचं, कॅचरचं, आणि खेळाआधी प्रत्येक गाठ, प्रत्येक कप्पी, जाळीचा प्रत्येक ताण तपासून खाली उतरणाऱ्या खलाशाचं नाव यावं. सर्कशीत तंबू आणि दोर सांभाळणाऱ्याला खलाशी म्हणतात. जहाजाचा शब्द आहे तो. दोर ओळखणारी माणसं पूर्वी तिथूनच मिळायची.